सात कागदांवरचा एकच शेरा

मधू, साहेबानं आणलेला हार मी तुझ्या फोटोला घालू दिला नाही. दारातच त्याच्या हातातून घेतला आणि खुंटीला टांगला, तुझ्या छत्रीशेजारी. तिथंच तो वाळला. परवा झाडताना पाकळ्या सुपलीत भरून टाकून दिल्या.

साहेब म्हणजे तुमच्या युनिव्हर्सिटीचा उपकुलसचिव, ज्याच्या हाताखाली तू क्लार्की केलीस. चपला न काढता आत आला आणि खुर्चीच्या कडेवर बसला. "माताजी, मधुकरजी तो हमारे परिवार के सदस्य थे." मी म्हटलं, "परिवार का आदमी नौ दिन अस्पताल में पड़ा था, आप एक दिन नहीं आए." म्हणे मीटिंगा होत्या. मग इकडंतिकडं बघून खरं काम काढलं. "उनके पास एक छोटी कॉपी रहती थी, नीली जिल्दवाली. जाँच में लगेगी. मिल जाए तो भिजवा दीजिए." मी म्हटलं, "कौन सी कॉपी?"

तो गेल्यावर मी डाळीच्या डब्यात हात घालून बघितलं. वही होती. आता ती तिथं नाही, म्हणून हे लिहायला हरकत नाही.

आपल्या मराठी मंडळाचे सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, मधुकररावांवरच्या अंकासाठी दोन पानं द्या. तुम्ही त्यांना लहानाचं मोठं केलंत, गोड आठवणी लिहा." जन्म, शिक्षण, नोकरी दुसरं कुणीतरी लिहील. गोड आठवणी माझ्याजवळ आहेत आणि त्या माझ्याजवळच राहतील. मी चौथी शिकलेली बाई. जे झालं ते लिहिते, आणि तुलाच लिहिते. बाकी सगळ्यांना घाई आहे.

तीन वर्षांपूर्वी तुमच्याकडे सुरक्षा समिती निघाली. वरून पत्र आलं होतं म्हणे. कुणी धमकी दिली, कुणाच्या वागण्याची इतरांना भीती वाटली, तर नीट चौकशी करायची आणि मारामारी व्हायच्या आत काहीतरी करायचं, असं तिचं काम. समितीत सगळे मोठे प्रोफेसर आणि साहेब. भोपाळला तीन दिवसांचं ट्रेनिंग होतं. मोठ्यांना वेळ नव्हता, म्हणून त्यांनी क्लार्कला पाठवलं. म्हणजे जो शिकून आला त्याला समितीत मत नाही, आणि ज्यांना मत आहे ते शिकायला गेले नाहीत. मी हसले होते. तू हसला नाहीस. ट्रेनिंगची प्लास्टिकची फाईल देवघराच्या फळीवर ठेवलीस, पोथी आणल्यासारखी.

मग मेथी निवडायला बसलो की तू मला शिकवायचास.

"धमकी देणारे पुष्कळ असतात, वहिनी. खरंच करणारा त्यात एखादा. जो ओरडतो तोच करतो असं नाही."

"मग ओळखायचं कसं?"

"एकट्याला ओळखता येत नाही. गेटवाल्याला थोडं माहीत असतं, मेसवाल्याला थोडं, वर्गातल्या मुलीला थोडं. ज्याला त्याला आपलं किरकोळ वाटतं. ते सगळं एका जागी आणून बघायचं."

"म्हणजे चुगल्या गोळा करायच्या. चांगली नोकरी आहे."

"चुगली माणसाला अडकवायला करतात. हे त्याला थांबवायला."

"कानाखाली दोन दिल्या की थांबतो."

"तू मला कधी दिल्यास?"

"दिल्या असत्या तर आज साहेब झाला असतास."

तू देठं बाजूला टाकत राहिलास. मी लग्न होऊन स्नेहलतागंजच्या या घरात आले तेव्हा तू पहिलीत होतास आणि असाच खाली मान घालून अक्षरं गिरवायचास. तुझ्या पाटीवर रेघा मी मारून द्यायची. साठ वर्षांचा झालास तरी मला तू तसाच दिसायचास, आणि म्हणून मी तुझं बोलणं कधी फार मनावर घेतलं नाही. ही माझी चूक. लिहून ठेवते.

निळी वही तेव्हाच सुरू झाली. लोक तुला येऊन सांगायचे, कारण तू म्हणायचास, "लिहीन, पण तुमचं नाव या वहीच्या बाहेर जाणार नाही." कोण कोण सांगायचं ते मी इथं लिहिणार नाही. कुणाला वाटेल चहावाली, कुणाला वाटेल पार्किंगवाला. वाटू दे.

त्या रिसर्चवाल्याचं नाव वहीत पहिल्यांदा आलं त्याला दीड वर्ष झालं असेल. एकतीस-बत्तीसचा माणूस. सहा वर्षं एकाच प्रोफेसरकडे पीएचडी. प्रोफेसर त्याच्याकडून भाजी आणवायचा, मुलीला कोचिंगला सोडायला लावायचा, आणि थिसिस मात्र दर वेळी परत करायचा. हा कँटीनमध्ये म्हणायचा, "सर को देख लूँगा." सगळे हसायचे. भिया, देख ले, म्हणजे भाऊ, बघून घे, असं म्हणायचे. नंतर तो ते म्हणायचा बंद झाला, आणि त्या दिवसापासून तुझं जेवण कमी झालं. मी विचारलं, आता तर गप्प झाला ना, मग तुला काय झालं? तू म्हणालास, "गप्प झाला म्हणूनच." त्यानं आपली पुस्तकं खालच्या वर्गातल्या मुलांना वाटून टाकली. मेस सोडली. प्रोफेसरच्या गाडीजवळ तासतासभर उभा राहायचा, काही न करता. या तीन गोष्टी तीन वेगळ्या माणसांनी तुला सांगितल्या. एकत्र बघणारा तू एकटा.

तू समितीसाठी टीप लिहिलीस. साहेबानं बाजूला हिरव्या शाईनं लिहिलं, "चर्चा करें", आणि खाली सही ठोकली. तू महिन्यानं दुसरी लिहिलीस. त्यावर पण "चर्चा करें". मी म्हटलं, "अरे, साहेब चर्चा करू म्हणतोय. चांगलंच आहे की." तू म्हणालास, "वहिनी, ज्या कागदाचं काही करायचं नसतं त्यावर हे लिहितात."

अशा सात टिपा लिहिल्यास. एकेकीची झेरॉक्स घरी आणून ठेवायचास. तुझी जुनी सवय, मी त्यावरूनही बोलायची. घर आहे का रेकॉर्ड रूम.

समितीनं काही केलं नाही म्हणून तू एकट्यानं केलंस. रोज चार वाजता त्याच्याबरोबर चहा. बोलायचा तर बोलायचा, नाही तर नुसता चहा. गाईड बदलून मिळावा म्हणून तू त्याचा अर्ज लिहून दिलास. आणि एका रविवारी त्याला घरी जेवायला आणलंस.

भरली वांगी केली होती. तो खाली मान घालून जेवला. ताट स्वतः घासलं. "माँजी, बहुत दिन बाद गरम खाना खाया," म्हणाला. मी त्याच्या पोळीवर तूप वाढलं होतं, एकदा नाही, दोनदा. ते तूप मला अजून टोचतं.

तो गेल्यावर मी म्हटलं, "मधू, या माणसाचं काही ठीक दिसत नाही मला."

"म्हणूनच आणला."

"उद्या तुझ्यावरच उलटला तर?"

"त्याच्याशी बोलणारं कुणीतरी एक असलं की माणूस थांबतो. मी आहे तोवर थांबेल."

हे भांडण आपलं अर्धंच राहिलं. तुझं खरं का माझं, ते मला अजून सांगता येत नाही. तुझं खरं ठरतं का ते पाहायला तुला राहू दिलं नाही त्यांनी.

मग एक दिवस प्रोफेसरच्या फोनवर त्या रिसर्चवाल्याची एक ओळ आली. "अब आपकी बारी है." दीड वर्षात ज्यांना चर्चेला सवड झाली नाही ते दोन तासांत जमले. पोहे आणि जिलबी मागवली. पोहे संपायच्या आत ठरलं की याचं नाव काढून टाका, आणि हॉस्टेलची खोली उद्या रिकामी करा. तू मागं उभा होतास. तू म्हणालास, "साहब, आज वो कहाँ है, हमें पता रहता है. निकाल देंगे तो कल पता नहीं रहेगा." प्रोफेसर म्हणाला, "मधुकरजी, आप टाइप कीजिए." हे तू मला सांगितलंस तेव्हा त्याच्या आवाजाची नक्कल करून सांगितलंस. मी हसले. ते शेवटचं.

आदेश टाइप करताना साहेब म्हणाला, संदर्भ टाका. कुणाच्या माहितीवरून काढलं ते नाव टाका, नाही तर कागद कोर्टात टिकत नाही. वहीत पाच माणसांची नावं होती. तू त्यातलं एकही टाकलं नाहीस. "श्री मधुकर यांच्या टिपेवरून" असं, आपलंच नाव घालून, आपल्याच हातानं टाइप केलंस. खाली प्रतिलिपी कुणाकुणाला ते लिहिलंस. पहिली प्रतिलिपी ज्याला काढलं त्यालाच. नियम आहे म्हणे.

त्या दिवशी तू जेवताना म्हणालास, "वहिनी, आज माझ्या हातून वाईट काम झालं."

ऐकल्यावर मी ताट सरकवलं. "कुणाचंच नाव नव्हतं टाकायचं."

"मग साहेबानं वही मागितली असती."

"मागू दे! द्यायची नव्हती."

"साहेबानं मागितल्यावर नाही म्हणता येत नाही, वहिनी. तुला ऑफिस माहीत नाही."

"मला माणसं माहीत आहेत. तो तुझ्याबरोबर रोज चहा पितो. तुझं नाव वाचून त्याला काय वाटेल?"

तू ताटावरून उठून हात धुतलेस. म्हणजे तुलाही ते कळलं होतं.

तिसऱ्या दिवशी अकरा वाजता तो कागद हातात घेऊन तुझ्या टेबलाशी आला. शिपाई सांगतो, त्यानं फक्त "आपने?" एवढंच विचारलं. तू उभा राहिलास आणि त्याच्या खांद्याला हात लावायला गेलास. टेबलावर कागदांना भोकं पाडायचं लोखंडी मशीन होतं. त्यानं ते उचललं. बरोबर काही आणलं नव्हतं त्यानं. मारून झाल्यावर पळालाही नाही, भिंतीला टेकून बसला.

नऊ दिवसांत एक दिवस तू शुद्धीवर होतास. मला वाटलं, पाणी मागशील, देवाचं नाव घेशील. तू म्हणालास, "वहिनी, त्याला वकील मिळाला का बघ. आणि त्याला शिव्या देऊ नकोस."

मी बघितलं नाही आणि शिव्या देते. रोज देते, आंघोळ झाल्यावर, देवासमोरच देते. त्याची आई देवासकडच्या कुठल्याशा गावाहून आली होती. दारात उभी राहिली, पदर तोंडाला लावून. तू असतास तर आत बोलावून चहा ठेवायला लावला असतास. मी दार लावून घेतलं. तुला वाईट वाटलं असेल तर वाटू दे. तू मरायला नको होतंस. राहिला असतास तर तुझं ऐकलं असतं.

पण मधू, त्याला तुरुंग आहे, कोर्ट आहे, जे व्हायचं ते होईल. साहेबाला काय आहे? तुझी राख नर्मदेत सोडून ओंकारेश्वरहून परत आले त्या दिवशी पेपरात आलं की क्लार्कनं नियमाबाहेर जाऊन विद्यार्थ्याशी व्यक्तिगत संबंध ठेवले, घरी नेलं, त्यातून वाद झाला, युनिव्हर्सिटीला काही कल्पना नव्हती. कल्पना नव्हती! आणि वही हवी ती कशाला, तेही मला कळलं. तुझ्याच माणसांपैकी एकानं येऊन सांगितलं. त्या पाच जणांना धरायचं, की तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही वर सांगितलं नाही. म्हणजे दोष खालच्यांचा, आणि मेला त्याचा. टिपांची फाईल ऑफिसात सापडत नाही म्हणे. सापडणार कशी?

त्यांना तुझ्या झेरॉक्सच्या सवयीचं माहीत नव्हतं.

तीन आठवड्यांनी मोठ्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली. मला गाडी पाठवली. स्टेजवर बसवलं, शाल दिली, नारळ दिला. साहेब बोलला की मधुकरजी कर्मठ थे, म्हणजे कष्टाळू. प्रोफेसर बोलला की मधुकरजी हँसमुख थे. तू हसमुख कधी होतास? मग मला म्हणाले, माताजी, दो शब्द. त्यांना वाटलं, ही म्हातारी रडेल आणि खाली बसेल.

मी पिशवीतून सात कागद काढले. म्हटलं, "मैं चौथी पढ़ी हूँ. धीरे पढ़ती हूँ. बैठे रहना."

आणि वाचलं. तुझी हिंदी ऑफिसची, शब्द लांब लांब. मी बोट ठेवून, एकेक अक्षर जोडत वाचलं. चार दिवस घरी सराव केला होता, तरी अडखळले. मधे थांबायची, चष्मा पुसायची. सगळ्या मोठ्या माणसांना समोर बसून ऐकावं लागलं, उठता येईना. पहिली टीप संपली, मी खालचा शेरा वाचला, "चर्चा करें", आणि सही कुणाची ते नाव घेऊन सांगितलं. दुसरी संपली, तोच शेरा, तीच सही. साहेब खुर्चीतून वाकून म्हणाला, "माताजी, समय का थोड़ा..." मी माइकमध्येच म्हटलं, "आपने डेढ़ साल लिया. मैं आधा घंटा ले रही हूँ."

तिसऱ्या टिपेला मागून कुणीतरी माझ्याआधीच म्हणालं, "चर्चा करें." चौथ्याला दहा-वीस आवाज. पाचव्या-सहाव्याला अर्धा हॉल. कुणी हसत नव्हतं. मी फक्त टीप वाचायची आणि थांबायची, शेरा पोरंपोरी म्हणायची.

सातवी मी सगळ्यात हळू वाचली. त्यात तू लिहिलं होतंस की या विद्यार्थ्याला अचानक बाहेर काढू नये, गाईड बदलून द्यावा, थिसिसची तारीख द्यावी, आणि रोज एका माणसानं त्याच्या संपर्कात राहावं. शेवटी लिहिलं होतंस की ज्यांनी माहिती दिली त्यांची नावं कुठल्याही कागदावर येऊ नयेत, नाही तर त्यांच्या जिवाला धोका आहे. हे वाचलं आणि हॉलमधून आवाज आला नाही. तेव्हा शेरा मला एकटीलाच म्हणावा लागला.

कुलगुरूंनी हात पुढं केला आणि कागद मागितले. मी म्हटलं, "ये मेरे हैं. दूसरी नकल बना के लाई हूँ," आणि दुसरा गठ्ठा दिला. तिसरा गठ्ठा तोवर पेपरवाल्याकडे गेला होता. तुझ्याकडूनच शिकले.

स्टेजवरून उतरले तर साहेब धावत आला, घामानं ओला. हात जोडले आणि म्हणाला, "माताजी, आप घर चलिए, इस विषय पर बैठकर चर्चा करेंगे."

मागं मुली उभ्या होत्या, त्यातली एक म्हणाली, "सर, लिखकर दीजिए, हरी स्याही से."

आता पेपरात तुझ्याबद्दल दुसरं छापून येतं. नवीन चौकशी बसली आहे, बाहेरच्या माणसांची. तिथंही वही मागितली. मी म्हटलं, कौन सी कॉपी. ते पाच जण कामावर आहेत, रोज जातात, रोज घरी येतात. बघ, मधू, नाही म्हणता येतं. तू साठ वर्षांत एकदाही म्हणून बघितलं नाहीस. एवढ्या एकाच गोष्टीसाठी तुझ्या कानाखाली द्यायला हवी होती, आणि आता कान कुठला आणू?

चौकशी काय करायची ते करेल. मी माझं करते. दर सोमवारी मी डब्यात पोळी-भाजी घेऊन बस पकडते आणि साडेदहाला साहेबाच्या केबिनबाहेरच्या बाकावर जाऊन बसते. शिपाई पाणी देतो. साहेब बाहेर आला की मी उठते आणि विचारते, "हुई चर्चा?" एवढंच. ओरडत नाही, शिवी देत नाही. तो दिवसातून चार वेळा बाहेर येतो, मी चार वेळा विचारते. पहिल्या सोमवारी नमस्कार करून निघून गेला. दुसऱ्या सोमवारी सिक्युरिटीला सांगितलं, माताजींना घरी पोचवा. सिक्युरिटीवाला म्हणाला, "साहब, ये तो सिर्फ़ बैठी हैं." तिसऱ्या सोमवारी लोक बघायला थांबले. चौथ्या सोमवारी तो मागच्या दारानं गेला.

आता मी मागच्या दाराशी बसते. तिथं सावली चांगली आहे. साहेबाच्या रिटायरमेंटला चार वर्षं आहेत, असं शिपाई सांगत होता. माझी तब्येत चांगली आहे.